तुमसरच्या गोदामातला पंख

मी विमानाच्या कामात होते असं कळलं की आमच्या आसगावात पहिला प्रश्न ठरलेला असतो, "मंग तू चालवत होती का?" नाही म्हटलं की विचारणाऱ्याचा चेहरा पडतो. "मंग तिकीट फाडत होती?" तेही नाही म्हटलं की विषय धानाच्या भावाकडे वळतो.

खरं उत्तर जरा लांब आहे. नवं विमान तयार होताना त्याचा एक पंख फक्त छळण्यासाठी बनवतात. तो कधीच उडत नाही. त्याच्यावर बोजा चढवत जायचं आणि तो कुठवर सहन करतो ते मोजायचं, हे माझं काम. बंगळुरूच्या एका मोठ्या सरकारी कारखान्यात मी ते एकतीस वर्षं केलं. वडील पवनी तालुक्यात शाळामास्तर होते. मुलगी नागपूरला इंजिनिअर झाली हे ते कौतुकानं सगळ्यांना सांगायचे. पण ती नेमकं काय करते हे मात्र त्यांनी शेवटपर्यंत "विमानाचं काहीतरी" एवढ्यावरच भागवलं.

निवृत्त होऊन भंडाऱ्याला घर केलं, त्याच्या दुसऱ्याच वर्षी प्रभाकर निंबार्ते माझ्या दारात उभा राहिला. तुमसरचा माणूस. त्याच्या वडिलांची राइस मिल बंद पडली होती. हा वीस वर्षं परदेशात विमानांचे आराखडे काढून परत आला होता आणि मिलच्या गोदामात स्वतःचं विमान बांधत होता. आधी मला वाटलं, डोकं फिरलंय. मग त्यानं माझ्या जेवणाच्या टेबलावर ड्रॉइंग पसरलं आणि मी चष्मा लावला.

एक इंजिन, पंख डोक्यावर, चाकं जाडजूड आणि कायम बाहेर. वैमानिकाशिवाय पाच माणसं बसतील. खुर्च्या काढल्या तर दोन स्ट्रेचर राहतील. मुरुमाच्या छोट्या पट्टीवर उतरायचं, औषधं, बियाणं, टपाल टाकायचं आणि परतताना रोगी घेऊन निघायचं. दिखाऊ काही नाही. विमानांतली जीपगाडी म्हणा. प्रत्येक पंखाला खालून एक तिरपा दांडा होता, पोटापासून निघून पंखाला मध्यावर धरणारा. इंजिनिअर त्याला स्ट्रट म्हणतात. आमच्या गोदामात पुढं त्याचं नाव 'टेका' पडलं, आणि मीही तेच वापरते.

"मॅडम, पंखाची चाचणी तुम्ही घ्या," प्रभाकर म्हणाला. "माझ्याकडे मशिनरी नाही. वाळूच्या बोऱ्यांवर करावी लागेल."

"बोऱ्यांवर मी नोकरीच्या पहिल्या वर्षी केली होती," मी म्हटलं. "रचणारी माणसं चांगली हवीत."

ती माणसं तुमसरला होती. धानाच्या बाजारात पिढ्यान्‌पिढ्या बोरी उचलणारे हमाल आणि त्यांचे मुकादम मारोतीभाऊ भुरे. आंधळगावचे. वय पंचावन्नच्या पुढं, अंगानं सडपातळ. आवाज इतका बारीक की हा माणूस वीस हमालांना कसा हाकतो, असं वाटावं.

चाचणीचं काम असं असतं. उडताना हवा पंखाला खालून वर ढकलते. गोदामात ती हवा कुठून आणायची? म्हणून पंख उलटा करून भल्यामोठ्या लोखंडी सांगाड्याला बांधतात आणि वर आलेल्या त्याच्या पोटावर बोऱ्या रचतात. विमानाच्या आयुष्यात पंखावर जास्तीत जास्त जेवढा बोजा येऊ शकेल, समजा वादळी ढगात सापडलं किंवा वैमानिकानं घाबरून विमान वर घ्यायची दांडी झटक्यात ओढली, तेवढा आधी चढवायचा. त्याला आम्ही हद्द म्हणू. मग त्याच्या दीडपट. दीडपटीला पंख वाकला तरी चालतो, चुरगळला तरी चालतो. पण तीन सेकंद तुटता कामा नये. त्या तीन सेकंदांवर पुढचं सगळं अवलंबून.

बोऱ्या लहान शिवून घेतल्या होत्या, प्रत्येकी दहा किलोच्या. प्रत्येकीवर नंबर. कुठली बोरी कुठल्या चौकोनात, कुणाच्या नंतर कोण, सगळं कागदावर. पहिल्या दिवशी हमालांनी बोऱ्या बाजारातल्यासारख्या धपाधप टाकल्या. मी ओरडले. मारोतीभाऊंनी मला बाजूला घेतलं.

"बाई, यायले बोजा टाकाचं समजते. ठेवाचं नाई समजत. म्या सांगतो."

त्यांनी सगळ्यांना गोळा केलं आणि म्हणाले, "पोट्टं झोपलं हाये. जागं नाई झालं पायजे." त्यानंतर बोऱ्या ठेवल्याचा आवाज बंद झाला.

आठवड्याभराच्या सरावानंतर एका सकाळी ते म्हणाले, "बाई, ह्या बोऱ्या कालच्या नाई होत."

"काहून जी?"

"पानी पेल्या. हाताले जड लागून राहिल्या."

मी हसून काटा लावला. दर बोरीत पाव-अर्धा किलो जास्त. रात्रभर पाऊस झाला होता आणि वाळूनं ओल धरली होती. हे कळलं नसतं तर माझे सगळे आकडे खोटे ठरले असते. आम्ही बोऱ्या उसवून वाळू मिलच्या पटांगणात, जिथं एके काळी उकडा धान वाळायचा तिथं, तीन दिवस उन्हात पसरली. पुन्हा भरली, पुन्हा तोलली. त्या दिवसापासून मारोतीभाऊ काट्याशेजारी उभे राहून आधी हातानं वजन सांगायचे आणि मग काटा बघायचे. बहुतेक वेळा दोघांचं जमायचं.

माझ्या चाचणीचा एक नियम होता. तो बंगळुरूत एका बाईमुळे पडला. यल्लम्मा नावाची, हॉलमध्ये झाडू मारणारी. आम्ही सगळे पडद्यावरचे आकडे बघत असताना ती मागून किंचाळली. प्रचंड दाबाची एक नळी फुटायला आली होती आणि तेल गळून थेट माणसांच्या पायाशी येत होतं. तिच्यामुळे दोघं वाचले. तेव्हापासून माझ्या हॉलमध्ये कुणीही, म्हणजे कुणीही, 'थांबा' म्हणालं की थांबायचं. का म्हणाला, ते नंतर. तुमसरला पहिल्याच दिवशी मी हे हमालांना सांगितलं. डोमा नावाच्या हमालानं विचारलं होतं, "आमी म्हनलं तरी?" मी म्हटलं, "तुम्ही म्हटलं तरी."

चाचणीचा दिवस आला. दिल्लीहून निरीक्षक आले. शांत गृहस्थ, हातात लहानशी वही. सकाळी हद्दीपर्यंतचा बोजा नीट चढला, नीट उतरला. पंख जागेवर परत आला. प्रभाकरनं डबा उघडला आणि न जेवता बंद केला. दुपारी दीडपटीकडे निघालो.

पद्धत अशी, की पंखाखाली जॅक लावून ठेवायचे. बोऱ्या चढवताना जॅक वर घेऊन पंखाला नुसते टेकवायचे, आधीचा बोजा पंखावरच. माणसं मचाणावर जाऊन बोऱ्या ठेवणार, खाली उतरून मागं सरणार, मग जॅक हळूहळू खाली. पंख बोजा अंगावर घेतो, आपण मोजतो. पुन्हा जॅक वर, पुन्हा बोऱ्या. पंखाखाली जागोजागी लाकडी घोड्या, चुकून काही झालंच तर झेलायला.

हद्दीच्या वर तिसऱ्या टप्प्याला जॅक खाली गेले. पंख वाकला, पत्र्यावर सुरकुत्या आल्या. त्या यायच्याच असतात. आणि मारोतीभाऊंनी हात वर केला.

"थांबा जी."

गोदामात सगळे जिथल्या तिथं थांबले. मी विचारलं, "काय झालं?"

"टेक्यापाशी बोललं. कड्‌ असं. बारीक."

मी पडद्यावर टेक्यावरचा ताण दाखवणाऱ्या रेषा पाहिल्या. सरळ होत्या, पट्टीनं ओढल्यासारख्या. प्रभाकर जवळ आला. "मॅडम, पत्रा सकाळपासून बोलतोय. दर टप्प्याला बोलतोय." हेही खरं होतं. पातळ पत्रा वाकला की टणकन्‌ आवाज होतोच. निरीक्षकांनी घड्याळाकडे पाहिलं. संध्याकाळी त्यांचं नागपूरहून विमान होतं. मीही घड्याळाकडे पाहिलं.

"मारोतीभाऊ, ते पत्र्याचं आहे," मी म्हटलं. "चालू द्या."

त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं. "हो जी," म्हणाले आणि मचाणावर चढले.

पुढच्या टप्प्याच्या अर्ध्या बोऱ्या झाल्या होत्या. डोमाच्या हातून एक बोरी जरा वरून पडली, धप्प आवाज आला. तिच्या धक्क्यानं शेजारची दुसरी घसरू नये म्हणून मारोतीभाऊंनी वाकून एका हातानं ती दाबली, दुसऱ्या हातानं पंखाची कड धरली. तेवढ्यात बंदुकीसारखा आवाज झाला. टेका पंखापासून सुटला. त्या झटक्यानं पंख जॅकवरून सरकला आणि चार बोटं खाली येऊन घोड्यांवर बसला. बोऱ्या पंखावरून खाली कोसळत राहिल्या. मारोतीभाऊ ओरडले नाहीत. ते म्हणाले, "पंख उचला." आणि पुन्हा, "पंख उचला जी, हात हाये माहा."

उजव्या हाताची दोन बोटं कड आणि घोडीच्या मध्ये आली होती. भंडाऱ्याहून त्यांना नागपूरला हलवलं. करंगळी आणि तिच्याशेजारचं बोट काढावं लागलं. हमालाचा उजवा हात. त्यात लोखंडी आकडा धरून तो बोरी ओढतो.

दुसऱ्या दिवशी गोदामात प्रभाकर आणि मी दोघंच होतो. वाळू सगळीकडे पसरलेली. त्यानं कॅमेऱ्यातली फिल्म लावली.

"डोमाची बोरी बघा, मॅडम. वीतभर वरून पडली."

"पडली."

"आणि पुढच्या चार सेकंदांत पंख गेला. रिपोर्टात धक्क्याचं कारण देता येईल. बोजा धक्क्यानं आला, म्हणून तुटलं. आराखड्याचा दोष नाही. नवा पंख आणून चाचणी पुन्हा घ्या, एवढंच म्हणतील."

मी फिल्म बंद केली. तो खाली बसला. पटांगणातल्या शेडमध्ये त्याचं विमान उभं होतं. त्याला दोन्ही पंख लागलेले, रंगसुद्धा झालेला. आराखड्यात दोष निघाला तर ते दोन्ही पंख उतरवून उघडावे लागणार होते.

"वर्ष जाईल," तो म्हणाला. "इथं काम करणारी पोरं वर्षभर थांबणार नाहीत. जो तो दुसरीकडे जाईल. मी खोटं लिहा म्हणत नाही. बोरी पडली हे खरंच आहे ना?"

"खरंच आहे."

"मग?"

प्रभाकर लबाड माणूस नव्हता हे मला मुद्दाम लिहायचं आहे. आठ वर्षं त्यानं त्या गोदामात घातली होती. असा माणूस बुडताना जे हाताला लागेल ते धरतो. मी त्याला आठ दिवस मागितले.

टेका पंखाला जिथं मिळतो तिथं एक जाड कान असतो, कढईच्या कानासारखा, मध्ये भोक आणि त्यात बोल्ट. तो कान फाटला होता. मी तुकडा भिंगाखाली धरला. फाटलेली बाजू खडबडीत नव्हती. पापुद्रे सुटावेत तशी थरांनी उकलली होती. मी ड्रॉइंग शोधून टेबलावर पसरलं.

जाड धातूची पाटी लाटून लाटून बनवतात. लाटताना तिच्या आत रेषा तयार होतात, बांबूत असतात तशा. रेषांच्या दिशेनं ओढलं तर ती दमदार. थर सुटतील असं ओढलं तर कमजोर. म्हणून ड्रॉइंगवर एक छोटा बाण काढतात, रेषा या दिशेनं ठेवा, असं सांगणारा. आमच्या ड्रॉइंगवर तो बाण नव्हता. कापणाऱ्या कारागिरानं एका पाटीत दोन कान बसावेत म्हणून आडवा काप घेतला. त्याची चूक नाही. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

मी ड्रॉइंगचा कागद खालपर्यंत पाहिला. कोपऱ्यात चौकटी असतात. 'आखले' समोर प्रभाकरची सही. 'तपासले' समोर माझी.

म्हणजे दोष बोरीवर ढकलला असता तर वाचणाऱ्यांत मीही होते. हे मला त्या कागदाकडे बघेपर्यंत सुचलं नव्हतं. सुचल्यावर मात्र मोहही झाला, हे लपवत नाही. एकतीस वर्षांत माझ्या सहीखाली असं काही निघालं नव्हतं.

नागपूरच्या दवाखान्यात मारोतीभाऊंना भेटायला गेले. हाताला मोठा पांढरा गठ्ठा बांधलेला. शेजारी त्यांची बायको, शेवंताबाई, स्टुलावर बसलेली. मला पाहून मारोतीभाऊ उठायला लागले.

"निजून राहा जी," मी म्हटलं.

"डोमा आला होता," ते म्हणाले. "रडून राहिला होता. त्याले वाटते, त्याच्या बोरीनं झालं. साहेबबी तसंच म्हनून राहिले म्हने." मग आवाज आणखी बारीक करून म्हणाले, "बाई, असं करा. लिवून टाका, हमालायच्या हातून चूक झाली. डोमाचं नाव नका लिवू, माहं लिवा. मुकादम म्या होतो. माहा हात तं गेलाच. तुमचं इमान उडलं पायजे."

शेवंताबाई तोवर एक शब्द बोलल्या नव्हत्या. त्या पहिल्यांदा माझ्याकडे वळल्या.

"त्याईनं थांबा म्हनलं होतं ना जी?"

"हो."

"तुमाले आयकू आलं होतं?"

"हो."

"मंग?"

त्यांच्या आवाजात राग नव्हता. खरंच विचारत होत्या. मी पडद्यावरच्या रेषांचं, पत्र्याच्या आवाजाचं सांगू शकले असते. ते सगळं बरोबर होतं. पण त्यांनी ते विचारलं नव्हतं. मी म्हटलं, "माझी चूक झाली." त्यांनी मान हलवली आणि नवऱ्याच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं. क्षमा वगैरे काही झाली नाही.

मारोतीभाऊंनी ऐकलेला तो आवाज कानाचाच होता का, हे मी आजही सांगू शकत नाही. असेल, पत्र्याचाही असेल. तुकडा मी प्रयोगशाळेत पाठवला होता; कान पाटीच्या रेषांच्या उलट कापलेला होता एवढं तिथं सिद्ध झालं, आवाजाचं नाही. लोकांना मी ही हकिगत सांगते तेव्हा ते म्हणतात, बघा, अडाणी माणसाला जे कळलं ते यंत्राला कळलं नाही. मी त्यांना अडवते. मारोतीभाऊंचं बरोबर निघालं की नाही हा मुद्दाच नव्हता. ते थांबा म्हणाले होते आणि मी थांबले नव्हते.

रिपोर्ट मी एका सकाळी बसून लिहिला. कान चुकीच्या दिशेनं कापलेला. ड्रॉइंगवर दिशेची खूण नाही; आखणाऱ्यानं दिली नाही, तपासणाऱ्यानं पकडली नाही. बोरीच्या धक्क्यानं घटना थोडी आधी घडली असेल, पण हा कान दीडपटीपर्यंत टिकला नसताच. आणि शेवटी लिहिलं, की चाचणी थांबवण्याची सूचना मिळाली असताना चाचणीप्रमुखानं ती मानली नाही. खाली सही.

प्रभाकरनं तो उभ्यानं वाचला. मग पटांगणात गेला आणि बराच वेळ उन्हात फेऱ्या मारत राहिला. मला वाटलं, आता हा मला घरी पाठवणार. परत आला तेव्हा त्याच्या हातात बोल्ट खोलायचे पाने होते. शेडमध्ये जाऊन शिडी लावली आणि डाव्या पंखाचा पहिला बोल्ट त्यानं स्वतः सैल केला. मी शिडी धरली.

"मॅडम," तो वरून म्हणाला, "हेच विमान रोगी आणायला जाणार होतं, नाही का?"

"हो."

"बोल्ट ठेवायला डबा द्या."

त्यानं म्हटल्याप्रमाणे वर्ष गेलंच. तिघं सोडून गेले, बाकीचे राहिले. कान नव्यानं आखला, बाणासकट. जिथं जिथं जाड पाटी होती ती सगळी ड्रॉइंगं पुन्हा तपासली. आणखी एका जागी बाण राहिलेला सापडला. मारोतीभाऊंना बाजारात बोरी ओढता येईना. प्रभाकरनं त्यांना गोदामात ठेवून घेतलं, चाचणीचे मुकादम म्हणून. डाव्या हातानं लिहायला शिकले. बोऱ्यांचे नंबर आता त्यांच्या अक्षरात असायचे, लहान मुलासारख्या मोठ्या आकड्यांत. ते माझ्याशी पहिल्यासारखेच बोलायचे. मला मात्र त्यांच्याशी पहिल्यासारखं बोलता येत नव्हतं.

दुसऱ्या चाचणीला तेच निरीक्षक आले. आणि कुणी बोलावलेलं नसताना आंधळगावहून बसनं शेवंताबाई आल्या. दाराजवळ भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. खुर्ची दिली तर "अशीच बरी" म्हणाल्या.

सकाळी हद्द पार. दुपारी वरचे टप्पे. एक, दोन, तीन. जॅक खाली गेले, पंख वाकला. मारोतीभाऊ टेक्याच्या बाजूला उभे होते. त्यांनी उजवा हात वर केला, तीन बोटांचा.

"थांबा जी."

मी म्हटलं, "थांबलो. जॅक वर. बोजा उतरवा."

निरीक्षकांनी मान वर केली. प्रभाकरच पुढं होऊन हमालांना म्हणाला, "उतरवा, सावकाश."

सगळ्या बोऱ्या उतरवल्या. टेका काढला, कान भिंगाखाली तपासला. बोल्ट मोजले. रंग लावून भेगा बघायच्या असतात, तसं बघितलं. सांगाडा बघितला, घोड्या बघितल्या. संध्याकाळचे पाच वाजले. काहीच सापडलं नाही. एवढीसुद्धा खोट नाही. मारोतीभाऊ कोपऱ्यात अंग चोरून बसले होते.

"बाई, भास झाला असन," ते म्हणाले. "मले आता कशाचाबी आवाज येते. घरी भांडं पडलं तरी दचकतो. तुमचा दिवस खाल्ला म्या."

"खाऊ द्या," मी म्हटलं. "उद्या पुन्हा करू. उद्याबी वाटलं तं हात वर करा."

निरीक्षक वही घेऊन आले. "क्या मिला, मैडम?"

"कुछ नहीं।"

"तो क्या लिखूँ?"

"लिखिए, रोकने को कहा गया, रोका गया। कुछ नहीं मिला।"

त्यांनी पेन वहीवर धरलं, मग तेवढंच लिहिलं आणि नागपूरहून परतीचं तिकीट दुसऱ्या दिवसावर ढकलण्यासाठी फोन लावला. मी वळले तर शेवंताबाई दारात तशाच उभ्या होत्या. सगळं पाहिलं होतं त्यांनी. बसची वेळ झाली म्हणून निघाल्या. जाताना मला म्हणाल्या, "उद्या येतो जी."

दुसऱ्या सकाळी आल्या. या वेळी खुर्चीवर बसल्या.

बोजा पुन्हा पहिल्यापासून चढवला. हद्द, मग वरचे टप्पे. तिसऱ्याला मी मारोतीभाऊंकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली, चालू द्या. चौथा, पाचवा. शेवटच्या टप्प्याला डोमानं शेवटची बोरी इतकी हळू ठेवली की तिच्यावरून हात काढायला त्याला धीर होईना. सगळे मागं सरले. जॅक खाली जाऊ लागले. पंख वाकत गेला, टोक जवळजवळ घोडीला लागायला आलं. पत्रा टणटणला, सुरकुत्या खोल झाल्या. मग सगळा बोजा पंखावर आला आणि आवाज थांबला.

सेकंद मोजायला निरीक्षकांकडे घड्याळ होतं, आमच्याकडे पडद्यावर होतं. पण मारोतीभाऊ आपले मोजायला लागले, बाजारात माप मोजतात तसं. तिथं पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात.

"लाभ," ते म्हणाले. "दोन. तीन."

पंख तसाच होता. निरीक्षकांनी मान डोलावली. कुणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच. प्रभाकर भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मी पडद्याकडे बघत होते. टेक्याच्या रेषा, कानाच्या रेषा, पुन्हा पुन्हा. पाच सेकंद झाले, दहा झाले. माझी खात्री पटत नव्हती.

शेवंताबाई खुर्चीवरून उठून माझ्या शेजारी आल्या. वाकलेल्या पंखाकडे बघत म्हणाल्या, "झालं ना जी आता? मंग उतरवा ना. कायले लादून ठेवलं?"

मी जॅक वर घ्यायला सांगितलं. हमाल मचाणावर गेले आणि टोकाकडून एकेक बोरी उतरवू लागले. शेवंताबाईंनी पदर खोचला आणि खाली येणारी पहिली बोरी माझ्याआधी त्यांनी धरली. दुसरं टोक मी धरलं.